शेवटच्या चार इंचांवर अडून परत उघडणारं दार: मिनीव्हॅनच्या सरकत्या दाराचा सारखा येणारा बिघाड कसा शोधायचा

न्यू जर्सीतली जानेवारीतली रविवार सकाळ. मराठी शाळेला नऊला पोचायचं असतं. मुलगा मागे बसून पट्टा लावून तूप-गुळाची पोळी खात असतो. मी बटण दाबते. दार सरळ येतं, पुढच्या खांबापाशी येऊन आत वळायला लागतं, चार बोटं फट राहते आणि तिथंच थबकतं. मग तीनदा पीं-पीं करून पूर्ण मागे जातं, बाहेरची थंडी गाडीत शिरते. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी खाली उतरून हाताने ढकलते, तेव्हा कुठे लागतं. संध्याकाळी किराणा आणायला जावं तर तेच दार दुकानाबाहेर मुकाट्याने बंद होतं.

हे आमच्याकडे दोन हिवाळे चाललं. डीलरकडे दोनदा नेली, दोन्ही वेळा तिथे दार छान चाललं आणि गाडी तशीच परत मिळाली. तिसऱ्यांदा त्यांनी मोटरची अख्खी असेंब्ली बदलायला सांगितली. मजुरीसकट आकडा सतराशे डॉलरच्या घरात होता. मोटरला काहीही झालेलं नव्हतं. हे आम्हाला नंतर कळलं, म्हणूनच एवढं सविस्तर लिहिते आहे. इथल्या आपल्या लोकांत दोन मुलं झाली आणि आई-बाबा सहा महिने राहायला यायला लागले की घरोघरी मिनीव्हॅन येते, आणि गाडी पाच-सात वर्षांची झाली की हाच प्रश्न मला निदान चार घरांतून विचारला गेला आहे.

आधी दार कसं चालतं ते डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. सरकतं दार तीन रुळांवर असतं. एक छताच्या कडेला, एक खाली पायरीत आणि तिसरा मधला, बाहेरून दिसतो तो, मागच्या चाकाच्या वर पत्र्यात कोरलेल्या खाचेत. प्रत्येक रुळात दाराचा एक हात फिरतो आणि त्या हाताच्या टोकाला छोटे रोलर असतात. बहुतेक गाड्यांत मोटर एका पोलादी केबलने दार पुढे-मागे ओढते. रूळ सरळ असतात, पण पुढच्या टोकाला आत वळतात, कारण दार आधी गाडीच्या अंगाला समांतर पुढे येतं आणि शेवटी आत बसतं. दाराच्या मागच्या कडेला लॅच, म्हणजे अडकवणारा आकडा असतो. तो गाडीच्या खांबावरच्या कडीत अडकला की पहिली टिक होते. तिथून पुढे दुसरी छोटी मोटर दार घट्ट आवळून घेते.

या सगळ्यावर गाडीतल्या कॉम्प्युटरची नजर असते. मोटर किती वेगाने फिरते ते तो मोजतो. वेग अचानक पडला की मध्ये कोणाचा हात किंवा पाय आला असं तो धरतो आणि दार उलटं नेतो. लहान मुलाची बोटं वाचावीत म्हणूनच ही सोय आहे. पण मध्ये बोट आलं आहे की रोलर झिजून रुळात अडकला आहे, हे त्याला कळत नाही. दोन्हीकडे मोटरला जोर पडतो एवढंच त्याला दिसतं. म्हणून दार पीं-पीं करून परत गेलं की लोकांना वाटतं बिघाड इलेक्ट्रिकचा आहे, आणि काउंटरवरचा माणूसही मोटरकडे वळतो. खरं म्हणजे ती मोटर तुम्हाला वाट अडली असल्याचं सांगत असते.

म्हणून पहिली तपासणी हाताने करायची. ड्रायव्हरच्या समोर किंवा डोक्यावर ऑटोमॅटिक दारं बंद करायचं एक मुख्य बटण असतं, ते ऑफ करा. आता दार साधं, हाताने ओढायचं झालं. ते पूर्ण उघडा, मग दोन बोटांनी हळूहळू पुढे आणा. घाई करू नका. दार कुठे जड होतं, कुठे खरखरतं, कुठे हलकंच खाली बसल्यासारखं वाटतं, ते बोटांना कळतं. हाताने दार सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखं गुळगुळीत चाललं, तर मग मोटर, वायर, सेन्सर यांच्यामागे लागायचं. हातालाच जड लागलं, तर मोटर बदलून काही होणार नाही. नवी मोटर तेच जड दार ओढेल आणि तिथेच हरेल. केबलवरच्या काही गाड्यांत मोटर बंद असतानाही तिचं थोडं ओझं हाताला जाणवतं. अशा वेळी त्याच गाडीचं दुसऱ्या बाजूचं दारही ओढून बघा आणि दोन्हींची तुलना करा.

आमच्या दाराने हाताला सगळं सांगितलं. पाऊणभर वाट लोण्यासारखी, आणि वळण आलं की एक धक्का बसून घासल्यासारखं. मग दार अर्धं उघडं ठेवून त्याची मागची कड दोन्ही हातांनी धरून वर उचलायचा प्रयत्न केला. दार पाव इंच वर गेलं आणि टक्‌ करून खाली बसलं. उजव्या बाजूचं दार असं हललंच नाही. तिथेच निदान झालं. मधल्या रुळातला रोलर गेला होता. दाराचा बराचसा भार तोच पेलतो, त्यामुळे तोच सगळ्यांत आधी झिजतो.

आणखी एक पुरावा लॅचमध्ये होता. दार ज्या लोखंडी कडीवर जाऊन अडकतं तिला स्ट्रायकर म्हणतात. ती गाडीच्या मागच्या खांबावर असते. तिच्या खालच्या अंगाला रंग उडून चकाकता ओरखडा पडला होता, कारण दार खाली लोंबलं होतं आणि लॅच दर वेळी कडीला खालून घासत आत जात होता. टॉर्च घेऊन तुमच्याकडे हे नक्की बघा. ओरखडा मधोमध असेल तर दार सरळ आहे. वर किंवा खाली असेल तर दार जागेवरून हललं आहे, आणि तेव्हा स्ट्रायकर सैल करून सरकवण्याचा मोह टाळा. दार तात्पुरतं लागेल, पण झिजणारा रोलर झिजतच राहील आणि तीन महिन्यांत पुन्हा तिथेच याल.

मग ते दुकानाबाहेर आणि डीलरकडे का चालायचं? याचं उत्तर सापडायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडून गॅरेजकडे चढत जातो, गाडी नाक वर करून उभी असते. बंद होताना दार पुढे, म्हणजे चढावर जातं. दाराचं वजन मोटरच्या विरुद्ध, त्यात झिजलेला रोलर, त्यात थंडीने घट्ट झालेलं ग्रीस आणि ताठरलेलं रबर, आणि रात्रभर गारठलेली बॅटरी. सगळं एकाच वेळी जमून यायचं ते फक्त आमच्या दारात, सकाळी आठला. डीलरची फरशी सपाट आणि ऊबदार. तिथे निम्मी ओझी आधीच उतरलेली असायची. तुमचं दार कधी चालतं, कधी नाही, असं असेल तर वही घ्या आणि पंधरा दिवस फक्त एवढं लिहा: गाडी चढावर होती की उतारावर, बाहेर किती थंडी होती, आणि दार वाटेत नेमकं कुठे अडलं. या तीन गोष्टींतून मेकॅनिकला जे कळतं ते स्कॅनरमधूनही कळत नाही.

रोलर काढून हातात घेतला तेव्हा त्याचं चाक सुपारीएवढं. वरचं प्लॅस्टिक एका बाजूला लसणीच्या पाकळीचं साल सुटावं तसं सुटलेलं, खाली लोखंड उघडं पडलेलं आणि एका जागी चपटं झालेलं. बोटाने फिरवलं तर तीन चतुर्थांश फिरायचं आणि चपट्या जागेवर अडायचं. एवढ्याशा चाकाने दोन हिवाळे आमची प्रत्येक सकाळ बिघडवली होती. ब्रॅकेटसकट, म्हणजे रोलर धरणाऱ्या हातासकट, नवा रोलर साठ डॉलरला मिळाला आणि घराजवळच्या एका छोट्या गॅरेजवाल्याने तासाभरात बसवला. हे काम घरीही होतं, पण एकट्याने करू नका. मधला हात सुटला की दार लोंबकळतं, आणि ते चांगलंच जड असतं. एकाने दार धरायचं, दुसऱ्याने बोल्ट काढायचे. ब्रॅकेट काढण्याआधी तो दारावर जिथे बसलेला आहे तिथे मार्करने रेघ मारून ठेवा, म्हणजे नवा त्याच जागी बसेल. काही गाड्यांत केबलची टोकं याच ब्रॅकेटला अडकवलेली असतात. तुमच्या गाडीत तसं असेल आणि आधी कधी केलं नसेल, तर मेकॅनिककडेच द्या. ताण असलेली केबल सुटली तर परत गुंडाळणं फार अवघड जातं.

रोलरवर खर्च करण्याआधी खालचा रूळ मात्र स्वच्छ करा. ते फुकट आहे, आणि कित्येकांचं काम तिथेच होतं. आमच्या पायरीतल्या रुळातून खेळाच्या मैदानातले लाकडाचे तुकडे, खडे, एक नाणं आणि चिवड्यातली डाळं-शेंगदाणे निघाले, आणि खाली बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा पांढरा थर. व्हॅक्यूमचं बारीक तोंड, जुना टूथब्रश, ओलं फडकं, मग कोरडं फडकं, एवढं पुरतं. वळणाच्या जागी रूळ रुंद दिसतो, कचरा तिथेच साठतो.

त्यानंतर तेलाचा प्रश्न. पहिल्या हिवाळ्यात मी डब्ल्यूडी-40 मारत होते. चार दिवस दार छान चालायचं, पाचव्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट. तो फवारा असलेलं ग्रीस धुऊन काढतो आणि स्वतः फार काळ टिकत नाही. रोलरच्या आसाला आणि लॅचला पांढरं लिथियम ग्रीस थोडंसं लावा, दाराच्या रबराला सिलिकॉनचा फवारा फडक्यावर घेऊन पुसा. रूळ ग्रीसने भरून ठेवू नका, त्यावर धूळ बसून रोलरला घासणारा चिखल तयार होतो.

दार कुठे अडतं यावरून बाकीचे बिघाड ओळखता येतात. बटण दाबताच दार जागचं हलून लगेच परत येत असेल, किंवा दर वेळी वेगळ्या जागी उलटं फिरत असेल, तर रोलरवर शंका घेण्याआधी दाराच्या पुढच्या कडेची बारीक रबरी पट्टी बघा. अनेक गाड्यांत तिच्यातच दाबाचा सेन्सर असतो. पट्टी फाटली किंवा तिच्यात पाणी गेलं की मध्ये काहीतरी आलं असं तिला सतत वाटत राहतं.

दार वाटेत एका ठरावीक जागी निपचित पडतं, आवाजही करत नाही, आणि त्याच वेळी दाराची काच किंवा लॉकही चालत नाही, असं झालं तर वायर तुटली आहे असं समजा. दाराला वीज नेणारी तारांची जुडी खालच्या हाताजवळ प्लॅस्टिकच्या साखळीतून जाते आणि प्रत्येक उघडझापीला वाकते. हजारो वेळा वाकून एखादी तार आतून तुटते, वरून कव्हर शाबूत दिसतं. दार सरकवताना ‘दार उघडं आहे’ची खूण डॅशबोर्डवर लुकलुकते का ते दुसऱ्याला बघायला सांगा. लुकलुकली तर मोटरवाल्याला नाही, वायरिंगवाल्याला भेटा.

दार पूर्ण लागतं, आवळायची मोटर घुरघुरते आणि मग परत उघडतं, हा लॅचचा आजार. दार उघडं असताना स्क्रूड्रायव्हरने लॅचचा आकडा बंद स्थितीत ढकला, मग हँडल ओढून सोडवा. तो चटकन उघडायला हवा. सुस्तावून उघडत असेल तर जुनं ग्रीस घट्ट झालं आहे, साफ करून नवं लावा. एक काळजी मात्र घ्या: आकडा पुन्हा उघडा केल्याशिवाय दार लावू नका, बंद आकडा स्ट्रायकरवर आदळला तर लॅच वाकतो.

करकर आवाज येत असेल आणि मधल्या रुळात केबलचे धागे केसांसारखे बाहेर आलेले दिसले, तर मुख्य बटण लगेच ऑफ करा आणि दुरुस्ती होईपर्यंत दार हाताने वापरा. त्या धाग्यांना उघड्या बोटाने हात लावू नका, ते सुईसारखे टोचतात.

काही गोष्टी मात्र बिघाड नसतात, तरी लोक त्यासाठी गॅरेज गाठतात. पेट्रोलची टाकी ज्या बाजूला असते तिकडचं दार टाकीचं झाकण उघडं असताना पूर्ण उघडत नाही, कारण ते पेट्रोलच्या नळीवर आदळू नये म्हणून आत खटका असतो. झाकण नीट लागलं नसेल किंवा मिठाने तो खटका अडकला असेल तर दार थोडं उघडून थांबतं. झाकण दोनदा उघडझाप करून बघा. दुसरं म्हणजे बॅटरी बदलल्यावर किंवा पूर्ण उतरल्यावर कॉम्प्युटर दाराची जागा विसरतो. बऱ्याच गाड्यांत दार हाताने एकदा घट्ट लावलं की त्याला पुन्हा आठवतं. आणि मुलांकडून चाइल्ड लॉक लागला असेल तर आतलं हँडल चालणारच नाही, तेही बघून घ्या.

थंडीत रबर गोठून दार चिकटलं असेल तर बटण सारखं दाबू नका. रबर सोडत नाही, मोटर ओढत राहते आणि सगळा ताण केबलवर येतो. बाहेरून दाराच्या चारी कडांवर तळव्याने दाबत जा, बर्फ तडकतो, मग हाताने उघडा. गरम पाणी ओतू नका, तेच पाणी लॅचमध्ये जाऊन तासाभरात गोठतं. हिवाळ्यात गाडी धुतली तर रबर कोरडं पुसूनच घरी या.

आई-बाबा आले की दारावर आणखी एक ताण येतो. माझ्या बाबांनी पंचवीस वर्षं मारुती ओम्नी चालवली. तिचं दार जोर लावून खर्रकन ओढल्याशिवाय लागायचंच नाही, तो हात त्यांच्या अंगात मुरला आहे. इथे मोटर दार ओढत असताना त्यांनीही ओढलं की केबलवर नको तो ताण येतो. मी त्यांना पहिल्याच दिवशी अंगणात उभं करून दाखवलं, “बाबा, हँडल एकदा हलकं ओढा आणि हात काढून घ्या, बाकीचं तेच करतं.” आईला सांगितलं की बटण दाबून झाल्यावर नातवाचा हात धरून मागे उभं राहायचं. दोघांनीही ते पाळलं.

गॅरेजला जाण्याआधी रिकॉल, म्हणजे कंपनीने दोषामुळे गाड्या परत बोलावल्या आहेत का, ते बघायला विसरू नका. मोटरवर सरकणारी ही दारं 1994 च्या सुमारास जनरल मोटर्सच्या मिनीव्हॅनमध्ये आली, आणि तेव्हापासून मोठमोठ्या कंपन्यांना यावर गाड्या परत बोलवाव्या लागल्या आहेत. टोयोटाने 2016 साली अमेरिकेतल्या 2011 ते 2016 च्या सुमारे 7 लाख 44 हजार सिएना बोलावल्या, कारण दार अडलं असताना मोटरचा फ्यूज उडाला तर लॅच सुटलेला राहून चालत्या गाडीत दार उघडण्याचा धोका होता. होंडाने 2020 मध्ये 2018 ते 2020 च्या सुमारे 3 लाख 24 हजार ओडिसी बोलावल्या. त्यांत बाहेरच्या हँडलच्या केबलमध्ये पाणी जाऊन गोठत होतं. कियाने 2023 मध्ये सुमारे 51 हजार कार्निव्हल बोलावल्या, कारण बंद होणारं दार मध्ये काही आल्यावर ज्या जोराने दाबत होतं तो जास्त होता. गाडीच्या काचेखाली किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर 17 अक्षर-अंकांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक असतो. अमेरिकेच्या नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अॅडमिनिस्ट्रेशनच्या संकेतस्थळावर तो टाकला की तुमच्या गाडीचं काही बाकी आहे का ते लगेच दिसतं. पंधरा वर्षांच्या आतल्या गाडीचं रिकॉलचं काम फुकट होतं, गाडी सेकंडहँड असली तरी.

पुण्या-मुंबईत कार्निव्हल किंवा वेलफायर वापरणाऱ्यांनी यातलं मीठ आणि बर्फ वगळावं आणि त्या जागी पावसाळ्यातला चिखल धरावा. कोकणातून लाल माती घेऊन गाडी परतली की खालचा रूळ त्याच आठवड्यात धुऊन काढा, वाळलेली माती रोलरला सँडपेपरसारखी घासते.

आणि मेकॅनिककडे जाल तेव्हा “दार बंद होत नाही” एवढंच सांगू नका. मुख्य बटण बंद करून हाताने ओढलं तर कुठे जड लागतं, मागची कड उचलली तर दार किती हलतं, स्ट्रायकरवर ओरखडा कुठे आहे, आणि गाडी चढावर असतानाच हे होतं का, ते सांगा. त्यांची जागा सपाट असेल तर बाहेरच्या उतारावर गाडी नाक वर करून लावून दाखवा. आमच्या गॅरेजवाल्याने तेच केलं. गाडी रॅम्पवर चढवली, बटण दाबलं, दार शेवटच्या चार इंचांवर थबकलं, तीनदा पीं-पीं झालं, आणि तो सरळ मधल्या रुळाकडे टॉर्च घेऊन वाकला.